पेन्सिल घेऊन संग्रहालयात: पाहुण्यांना चित्र काढायला कसं बसवायचं

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात, हे एकदा घड्याळ लावून मोजलं गेलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सरासरी निघाली २७ सेकंद. निम्म्या वेळा तर पाहणारा १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकला होता. मुद्दाम तिकीट काढून आलेल्यांची ही तऱ्हा, तर सहलीत रांगेने फिरवल्या जाणाऱ्या शाळकरी मुलांचं विचारायलाच नको. 'चला, चला, पुढे सरका' एवढंच त्यांच्या लक्षात राहतं.

त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हातात पेन्सिल देणं. मूर्तीचा खांदा कागदावर उतरवायचा तर नजरेला मानेपासून कोपरापर्यंत सावकाश जावंच लागतं, मध्येच उडी मारून चालत नाही. कागदावर उमटतं ते बहुतेकदा वेडंवाकडंच असतं, आणि असू द्यावं. चित्र चांगलं यावं म्हणून हा उपक्रम नसतोच. समोरची वस्तू नीट पाहिली जावी यासाठी तो असतो. हे एकदा पक्कं केलं की कोणती पेन्सिल, किती वेळ, खोडरबर द्यायचं की नाही, असल्या प्रश्नांची उत्तरं आपोआप सुटत जातात.

खानदेशात यासाठी जागा आहेत. चाळीसगावला रेल्वे स्थानकाजवळ छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचं कलादालन आहे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयात मूर्ती, नाणी आणि जुनी चित्रं आहेत. आणि वेशीवर, जळगावहून साठेक किलोमीटरवर, अजिंठा. मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत असे उपक्रम घेणारा वेगळा विभाग असतो. लहान गावात हे काम चित्रकलेचे शिक्षक, एखादं मंडळ किंवा संग्रहालयातला एकुलता एक कर्मचारी यांनाच करावं लागतं. पुढचं सगळं त्यांना डोळ्यांसमोर ठेवून.

पेन्सिलच का, पेन का नाही

पहिला नियम: दालनात फक्त शिसपेन्सिल. बॉलपेन, स्केचपेन, जलरंग, तैलखडू, कोळसा यांपैकी काहीही आत न्यायचं नाही. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती यांचं मिश्रण. ग्राफाइट हा कार्बनच. तो कशाशी रासायनिक झटापट करत नाही. चुकून भिंतीला किंवा चौथऱ्याला रेघ लागली तर ती बहुतेक वेळा पुसून काढता येते. शाई मात्र सच्छिद्र दगडात किंवा कागदात एकदा मुरली की मुरली. कोळशाची आणि रंगीत खडूंची अडचण वेगळी. त्यांची भुकटी हवेत उडते आणि चौकटींच्या कपारीत जाऊन बसते.

दुसरा नियम: कलाकृतीवर कागद ठेवून रेषा गिरवायची नाही आणि मूर्तीवर कागद धरून ठसा घासायचा नाही. हे सांगताना मुलांना अजिंठ्याची हकिगत जरूर सांगावी, कारण ती आपल्याच भागातली आहे. रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आला, वर्षानुवर्षं राबला, १८७९ साली वारला आणि भुसावळला त्याला पुरलं. त्याच्या बहुतेक नकला लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. मग १८७२पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन आला आणि तेच काम १८८५पर्यंत चाललं; त्यातल्याही बऱ्याच नकला लंडनमध्येच आगीत गेल्या. नकला गेल्या त्या गेल्याच, पण त्या काळात पुसट झालेली चित्रं उठून दिसावीत म्हणून मूळ भिंतीवर व्हार्निश चढवलं गेलं होतं. पुढे ते पिवळं-काळपट पडलं आणि मूळ रंगांना भोवलं. या माणसांचं चित्रांवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण नक्कल सोपी व्हावी म्हणून मूळ वस्तूला हात लावला की असं होतं. दहा वर्षांच्या पोरालासुद्धा ही गोष्ट लगेच कळते. 'हात लावू नका' या पाटीने जे होत नाही ते हिने होतं.

अंतर कलाकृतीपासून एक मीटर ठेवावं. जमिनीवर चिकटपट्टी लावून रेघ आखली की सारखं ओरडावं लागत नाही. पाण्याच्या बाटल्या, दप्तरं आणि डबे दालनाबाहेर. पाठीवरचं दप्तर फार धोक्याचं, कारण मूल वळतं तेव्हा त्याला स्वतःची पाठ दिसत नाही.

सामान

पंधरा जणांच्या गटाला लागतात तीस पेन्सिली: प्रत्येकी एक २बी आणि एक ६बी (बीच्या आधीचा आकडा जितका मोठा, तितकी पेन्सिल मऊ आणि गडद). एचबी देऊ नये. तिची रेघ फिकी उमटते, मग माणूस जोर देतो आणि कागदावर चर पडतो. वर दहा पेन्सिली जास्तीच्या, सगळ्या आदल्या दिवशी टोक करून ठेवलेल्या, कारण शार्पनर आत न्यायचा नाही. टोक मोडलं की पेन्सिल बदलून द्यायची, एवढंच. क्लच पेन्सिलीही नकोत. त्यांची बारीक कांडी मोडून उडते आणि पायाखाली चिरडते.

खोडरबर देऊ नका. त्याचा चुरा खाली पडतो हे एक कारण आहेच, पण मोठं कारण दुसरं आहे. खोडरबर हातात असलं की निम्मा वेळ खोडण्यात जातो आणि डोळे समोरून हटून कागदाला चिकटतात. 'रेघ चुकली तर राहू द्या, शेजारी दुसरी काढा' असं सुरुवातीलाच सांगावं. पाचवी-सहावीच्या मुलांना हे पटायला जड जातं. शाळेत खाडाखोडीला कायम बोलणी खाल्लेली असतात.

कागदाखाली आधार म्हणून घरोघरी असलेलं परीक्षेचं पॅड उत्तम. त्याच्या धातूच्या चिमट्याची धार तेवढी कापडी चिकटपट्टीने झाकून घ्यावी. ए-थ्री कागद लागणार असतील तर तीन मिलिमीटर जाडीचा हार्डबोर्ड कापून घ्यावा आणि कडा पॉलिश पेपरने घासाव्यात. कागद दोन प्रकारचा. हात मोकळा करण्यासाठी साधा झेरॉक्सचा ८० जीएसएम (हा आकडा जितका मोठा, तितका कागद जाड), आणि शेवटच्या मोठ्या चित्रासाठी १२० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद. पाऊण तासाच्या उपक्रमात एकेक जण चार-पाच कागद सहज संपवतो, तेव्हा पंधरा जणांना शंभर कागदांचा गठ्ठा घरून निघतानाच मोजून घ्यावा. कागद पुरवून वापरावा लागतोय असं दिसलं की लोक रेघ ओढायला कचरतात.

आणखी एक वस्तू घरीच करायची: खिडकी. जुनी लग्नपत्रिका घ्या, तिच्या मधोमध ६ सेंमी × ४.२ सेंमीचा आयत कापून काढा. माप हेच का? कारण ए-फोर कागदाच्या बाजूंचं प्रमाणही जवळपास हेच आहे. खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच, त्याच मांडणीने, कागदावर बसतं. वाटेल तशी चौकोनी खिडकी कापली की चित्र एका बाजूला कोंबलं जातं आणि कुणालाच कळत नाही का ते.

ऊन, अंधार आणि बसणं

मुलांना वेळ असतो एप्रिल-मेमध्ये, आणि जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा ४३-४५ अंशांवर असतो. त्यामुळे सकाळी आठ ते साडेदहा, त्यापुढे नाही. एक गोष्ट हमखास विसरली जाते. रखरखीत उन्हातून आलेल्या माणसाला दालनात शिरल्यावर काही दिसतच नाही. जुने कागद, हस्तलिखितं आणि जलरंगातली चित्रं यांच्यावर उजेड मुद्दाम कमी, सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) ठेवतात, कारण उजेडाने रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. तेव्हा आल्या आल्या आत न नेता पाच-सात मिनिटं पडवीत, सावलीत बसवावं. पाणी प्यायचं ते तिथेच. नियमही तिथेच सांगून टाकावेत. एवढ्यात डोळे सरावतात.

घामाने ओला हात कागदावर टेकला की शिसं फासटतं आणि कागद वाकतो. हाताखाली एक सुटा कागद ठेवायला सांगावं. पावसाळ्यात उलट त्रास: कागद दमट होऊन मऊ पडतो, पेन्सिल धरत नाही. कागदांचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवला की काम भागतं.

सतरंजीवर बसवणं सोयीचं, पण चित्रं उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला, म्हणजे मध्य साधारण दीड मीटरवर येईल अशी टांगलेली असतात. खाली बसलेल्याला ती तिरकी दिसतात आणि काच असेल तर तिच्यात दिवा चमकतो. उपाय सोपा आहे. आणखी मागे सरका. चित्राच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावरून सबंध चित्र एका नजरेत मावतं. चमक आली तर एक हात डावीकडे किंवा उजवीकडे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार-पाच खुर्च्या हव्यातच, आणि त्यांच्या पायांना रबरी टोप्या, नाहीतर फरशीवर किंचाळतात. कुणाला खुर्ची लागेल हे चारचौघांत विचारू नये. खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या की ज्याला हवी तो बसतो.

'मला चित्र येत नाही'

मुलं हे क्वचित म्हणतात, मोठी माणसं हमखास. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेली माणसंसुद्धा म्हणतात. यावर 'येतं हो, प्रयत्न करा' असं म्हणून भागत नाही. चांगलं चित्र येणं ज्यात शक्यच नाही असं काम पहिल्यांदा द्यायचं. मग लाज वाटायचं कारणच उरत नाही.

ते काम म्हणजे कागदाकडे न बघता रेषा काढणं. नाश्त्याची कागदी डिश घ्या, मधोमध भोक पाडा, त्यातून पेन्सिल आरपार घाला. डिशखाली हात आणि कागद दोन्ही झाकले जातात. आता समोरच्या मूर्तीच्या कडेवर, समजा कानाच्या पाळीवर, नजर ठेवायची. पेन्सिलीचं टोक त्या पाळीलाच टेकलंय असं धरून चालायचं. नजर मुंगीच्या चालीने कडेकडेने पुढे सरकेल, तितकीच पेन्सिल सरकेल. नजर थांबली की पेन्सिल थांबली. पेन्सिल उचलायची नाही. वेळ तीन मिनिटं.

बिघडतं ते बहुतेक दोनच ठिकाणी. एक, माणूस चोरून बघतो. डिश त्यासाठीच आहे. दुसरं, तीस सेकंदांत 'झालं' म्हणतो. म्हणजे नजर मुंगीच्या नाही, सशाच्या चालीने गेली. त्याला सगळी मूर्ती देऊच नये. 'फक्त हनुवटीपासून खांद्यापर्यंत, आणि तीन मिनिटं' असं सांगावं. तीन मिनिटांनी डिशा उचलल्या की एकच हशा पिकतो. नाक कानाशी गेलेलं असतं, डोळा कपाळाबाहेर. पण प्रत्येक कागदावर निदान एक तरी रेघ अशी सापडते की जी सरधोपट 'चित्रातल्या' रेघेपेक्षा कितीतरी खरी असते. ती बोट ठेवून दाखवायची. सगळ्या उपक्रमात मार्गदर्शकाचं खरं कसब लागतं ते इथे.

पाठीला पाठ

दोघा-दोघांची जोडी, पाठीला पाठ लावून बसवायची. एकाचं तोंड चित्राकडे, दुसऱ्याचं भिंतीकडे. पहिला सांगतो, दुसरा काढतो. अट एकच: वस्तूचं नाव घ्यायचं नाही. 'हत्ती' म्हटलं की दुसरा आपल्या डोक्यातला ठरलेला हत्ती काढून मोकळा होतो. 'कागदाच्या डाव्या अर्ध्यात एक मोठा गोल, त्याच्या खालून उजवीकडे वळत गेलेली जाड पट्टी' असं सांगावं लागलं की सांगणाऱ्यालाच पहिल्यांदा कळतं की सोंड उजवीकडे वळलेली आहे. पाच मिनिटं, मग अदलाबदल, दुसऱ्या चित्रासमोर.

इथे घरची बोली चालू द्यावी. आजीने नातवाला 'डावा हात वर शे' असं अहिराणीत सांगितलं तर नातू झटकन काढतो. तेच प्रमाण मराठीत सांगायला लावलं तर आजी गप्प होते. आजी-नातू, आई-मुलगी अशा जोड्यांचा हा सगळ्यात जमणारा खेळ आहे. शिक्षक आणि विद्यार्थी अशी जोडी मात्र लावू नये. विद्यार्थी सांगायचं सोडून विचारत बसतो.

मोठ्या गटात आवाज फार होतो, एवढंच त्याचं दुखणं. सहा जोड्यांच्या वर एका दालनात नकोत.

सावलीचं चित्र आणि भरताचं वांगं

छायाचित्रांच्या दालनात, विशेषतः कृष्णधवल छायाचित्रांसमोर, बाह्यरेषा काढायला लावणं व्यर्थ आहे. तिथे छटा पाहायला शिकवायची. केकी मूस टेबलटॉप छायाचित्रणासाठी ओळखले जातात. टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या, त्यांच्यावर उजेड असा पाडायचा की खरा देखावा वाटावा, आणि तो कॅमेऱ्यात पकडायचा. असं छायाचित्र समोर असताना ते कसं घडलं असेल हे समजून घ्यायचा चांगला मार्ग म्हणजे स्वतः एक टेबल मांडून पाहणं.

हे पडवीत करायचं, दालनात नाही. खाण्याच्या वस्तूंमागे मुंग्या-झुरळं येतात आणि ती पुढे कागदांवर जातात. एक टेबल, त्यावर साधी चादर, मागे खाकी कागदाचा पडदा. वस्तू आपल्याच शेतातल्या: भरताचं वांगं, केळीचं वाळलेलं सोपट, कापसाची फुटलेली बोंडं, ज्वारीचं कणीस. वांगं मुद्दाम, कारण त्याच्या तुकतुकीत सालीवर उजेडाचा लख्ख ठिपका आणि गडद सावली शेजारी-शेजारी दिसतात. कापूस मुद्दाम, कारण त्याला कडाच नाही. फक्त छटा आहेत. दिवा एकच, एका बाजूने, टेबलापासून साधारण हातभर उंच. टॉर्च चालतो. दोन बाजूंनी उजेड आला की सावल्या एकमेकींना पुसतात आणि सगळं सपाट दिसतं. खिडकीजवळ बसला असाल तर उरलेल्या खिडक्या झाका.

कागदाच्या कडेला आधी तीन चौकोन काढायचे. पहिला कोरा, म्हणजे उजेड. दुसरा २बीने हलका भरलेला. तिसरा ६बीने दाबून काळा. संपूर्ण चित्रात या तीनच छटा वापरायच्या. आता डोळे किलकिले करून वस्तूंकडे बघायचं. तपशील विरघळतात आणि उजेड-सावलीचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. आधी काळे तुकडे भरायचे, मग मधले, आणि उजेडाला हातच लावायचा नाही. बाह्यरेषा आखायची नाही. वीस मिनिटं द्या.

जवळजवळ सगळ्यांची चूक एकच असते. काळं करायचं धाडस होत नाही. सगळं चित्र मधल्या करड्या छटेत राहतं, वांगं ढगासारखं दिसतं. तेव्हा कडेचा तिसरा चौकोन दाखवायचा आणि विचारायचं, 'चित्रात इतकं काळं कुठे आहे?' कुठेच नसतं. टेबलाजवळ वीस मिनिटं घालवून मग दालनात परत गेलं की छायाचित्रातला उजेड कुठल्या बाजूने आला हे शाळकरी मूलही बोट दाखवून सांगतं.

मूर्तीसमोर

मूर्तीला बाजू असतात, हे छापील चित्रं बघून वाढलेल्या डोळ्यांना विसरायला होतं. कागदाची चौघडी घाला, चार खण होतील. समोरून, उजवीकडून, डावीकडून आणि जमलं तर मागून, प्रत्येक खणाला दोन मिनिटं. भिंतीला टेकवलेल्या मूर्तीची मागची बाजू दिसणार नाही. मग चौथ्या खणात एखादाच तपशील मोठा करून काढायचा: बोटं, दागिन्याची गाठ, झिजलेलं नाक.

प्रमाण मोजायची जुनी युक्ती सगळ्यांना ऐकून माहीत असते: हात लांब करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा, अंगठ्याने डोक्याची उंची धरायची आणि सबंध मूर्तीत ती किती वेळा बसते ते पाहायचं. ती फसते कोपरामुळे. पहिल्या मापाला हात ताठ असतो, दुसऱ्याला कोपर किंचित वाकतं, पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप बदलतं. कोपर कुलूप लावल्यासारखं ताठ ठेवा, पाठ हलवू नका. मग बरोबर येतं.

ज्या मूर्तीला डौल आहे तिच्यासाठी आणखी एक छोटा व्यायाम आहे. फक्त तीन रेघा: डोळ्यांची, खांद्यांची, कमरेची. बाकी काहीच काढायचं नाही. मूर्ती नसली तरी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं, कमळ हातात घेतलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचं भित्तिचित्र यासाठी आदर्श. डोकं एका बाजूला, खांदे दुसरीकडे कललेले. लेण्यात उजेड मंद असतो, गर्दी असते आणि बसायला मिळेलच असं नाही. त्यामुळे चांगल्या छापील प्रतीवर हा सराव शाळेत करून घ्यावा आणि लेण्यात गेल्यावर नुसतं बघावं. तीन रेघा काढलेलं मूल तिथे गेल्यावर आधी खांदेच बघतं.

मूर्तींच्या मध्ये सुटलेल्या जागेचं चित्र काढणं हाही प्रकार आहे. कमरेवर ठेवलेला हात आणि धड यांच्यामध्ये जो त्रिकोण दिसतो तो भरायचा, हात काढायचा नाही. लग्नपत्रिकेची खिडकी इथे कामाला येते. मुलांना यात गोडी कमी वाटते, कॉलेजातल्या मुलांना मात्र जाम आवडतो.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी

अंध पाहुणेही चित्र काढू शकतात, साधन मात्र वेगळं लागतं. ए-फोर मापाच्या हार्डबोर्डवर खिडकीला लावतात ती डासांची जाळी ताणून बसवा, चारही कडा कापडी चिकटपट्टीने झाका. वर पातळ कागद लावून मेणखडूने रेघ ओढली की जाळीच्या खरबरीतपणाने मेणाचे बारीक उंचवटे उमटतात आणि बोटाला रेघ लागते. खडू मेणाचा असल्याने हे काम पडवीतच. मेणखडू उन्हात उभ्या गाडीत विसरू नका. मे महिन्यात त्यांचा लगदा होतो.

विषय म्हणून हाताळता येईल अशी प्रतिकृती हवी, प्लास्टर ऑफ पॅरिसची चालते. तीही मिळाली नाही तर नाणी आहेत. जुन्या नाण्यांना हात लावता येणार नाही, पण खिशातल्या दहाच्या नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की ठसा येतो. डोळस मुलांनाही तो करू द्यावा आणि मग काचेतली जुनी नाणी बघायला पाठवावं.

साठ मुलांचा वर्ग आला तर

बहुतेकदा तेच होतं. पंधरा-पंधराचे चार गट पाडा. एक गट मूर्तींसमोर, एक पडवीत टेबलाभोवती, एक (दोन दालनांत विभागून) पाठीला पाठ, आणि चौथा नुसता फिरून बघणारा. वीस-वीस मिनिटांनी जागा बदलायच्या. मध्ये पाच-पाच मिनिटं सरकण्यात जातात. एकूण पंचाण्णव मिनिटं. गटामागे एक मोठा माणूस हवाच. आठ वर्षांखालची मुलं असतील तर सहांमागे एक. सोबत आलेल्या शिक्षकांना बाजूला उभं न करता पॅड द्यावं. ते मोबाइल बघत उभे राहिले की मुलंही टंगळमंगळ करतात.

मध्येच वीज गेली तर गडबडून जायचं कारण नाही. तेव्हा स्मरणचित्र घ्यावं. वीज जाण्याआधी जे पाहिलं ते पडवीत बसून आठवून काढायचं, वीज आल्यावर पुन्हा जाऊन काय निसटलं ते त्याच कागदावर गोल करून दाखवायचं. परीक्षेतल्या स्मरणचित्रात हा दुसरा भाग कधीच नसतो. खरी गंमत त्यातच आहे.

स्पर्धा नको

आपल्याकडे चित्रकला म्हटलं की स्पर्धा, पहिला-दुसरा-तिसरा आणि उत्तेजनार्थ. संग्रहालयात ती घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बक्षीस आलं की मुलं समोरची मूर्ती सोडून पाठ केलेला डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि झोपडी काढतात, कारण त्याला बक्षीस मिळतं हे त्यांना ठाऊक असतं.

त्याऐवजी शेवटी सगळे कागद जमिनीवर एका रांगेत मांडावेत, नावं खालच्या बाजूला. 'छान' हा शब्द टाळावा. एकदा एकाला म्हटलं की उरलेल्या चौदा जणांना आपलं छान नाही हे कळतं. विचारायचं एवढंच: पेन्सिल कुठे अडली? आणि काढायला बसण्याआधी काय दिसलंच नव्हतं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं नेमकी येतात. मूर्तीला सहा बोटं आहेत असं कुणी म्हणालं तर नाही म्हणू नका, सगळ्यांना घेऊन मोजायला जा.

कागद ज्याचा त्याला घरी न्यायला द्यावा. मागे कलाकृतीचं नाव, संग्रहालयाचं नाव आणि तारीख लिहून घ्यावी. कलावंत हयात असेल किंवा त्याच्या मृत्यूला साठ वर्षं झाली नसतील तर भारतात त्याच्या कामावर स्वामित्वहक्क असतो. अभ्यासासाठी वहीत काढलेल्या चित्राला त्याची आडकाठी नाही, पण तेच चित्र शुभेच्छापत्रावर छापून विकायचं असेल तर परवानगी लागते. चित्र काढायला बसायचीही परवानगी संग्रहालयाकडून आधी, लेखी घ्यावी. दालनागणिक नियम वेगळे असतात, आणि दारावरच्या माणसाला ऐनवेळी पटवत बसण्यात सकाळचा थंड तास जातो.

निघण्याआधी पेन्सिली मोजायच्या. चाळीस आत गेल्या असतील तर चाळीस बाहेर यायला हव्यात, मोडकी टोकं धरून. एखादी कमी भरली तर ती बहुतेक काचपेटीखाली गडगडत गेलेली असते. झाडू लांब दांड्याचा घ्या, आणि पेटी हलवू नका.